हुंकार

गाणे ऐकणे आणि गोष्ट वाचणे ही दोन सुखे मी आयुष्यभर दोन वेगळ्या फडताळांत ठेवली होती. गाणे ऐकायचे ते बैठकीतले. पंचवीस-तीस माणसे, एक सतरंजी, दोन तंबोरे, आणि गाणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतके अंतर. गोष्ट मात्र एकट्याने वाचायची, रात्री, घर निजल्यावर. त्यातही मला ओढ होती ती जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ यांसारख्या दीर्घकथांची. कोणत्याही नकाशात नसलेले प्रदेश, नाव नसलेले वाटसरू, त्यांना भेटणारी अनोळखी माणसे आणि त्यांची लांबच लांब संभाषणे. ज्यांना आधुनिक परीकथा म्हणता येईल, पण ज्यांत परी कधीच येत नाही, अशा त्या कथा.

ही आवड मी बरीच वर्षे थोडी लपवूनच ठेवली, हेही कबूल करतो. मी राहतो मुरगुडात. वेदगंगेच्या काठचे, कागल तालुक्यातले हे गाव ऊस, तालीम आणि राजकारण यांसाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. ज्या तालुक्याने मराठीला आनंद यादवांची ‘झोंबी’ दिली, त्या तालुक्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाने राजपुत्रांच्या आणि सर्पमुद्रांच्या गोष्टींत रमावे, हे मला स्वतःलाच कुठेतरी खटकत असे. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या घरी ऊसबिल थकलेले असते, आणि आपण त्याला नियतीचे रूपक समजावून सांगतो! म्हणून वर्गात वास्तववाद आणि घरी जी. ए. अशी माझी सोयीची वाटणी होती. दोन वर्षे नव्हे, जवळजवळ पंचवीस वर्षे ती टिकली.

ती मोडली २०२४च्या श्रावणात, एका पावसाळी रात्री.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या माडीवर आम्ही काही मित्र अधूनमधून जमतो. आधी गाणे, मग चहा, मग कुणीतरी एखादी कथा मोठ्याने वाचायची, असा साधा शिरस्ता आहे. मंडळ नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. त्या रात्री कोल्हापूरहून एक गायिका आल्या होत्या. जयपूर-अत्रौली परंपरेत शिकलेल्या, पण सभागृहांच्या जाहिरातींत फारशा न दिसणाऱ्या. त्या महिन्यात कोल्हापूरच्या माणसांचे बोलणे एकाच विषयाशी येऊन थांबत असे. ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले होते. राजर्षी शाहू महाराजांनी ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेली, १९१५पासूनची ती वास्तू. आणि ती जळाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. बाईंनी त्या रंगमंचावर लहानपणी काय काय पाहिले ते थोडे सांगितले, आणि मग गप्प राहून तंबोरे लावायला घेतले.

तंबोरे लागतात न लागतात तोच लाईट गेली. गुरुजींच्या नातवाने कंदील आणला. कुणीतरी आणलेला छोटा स्पीकर मुका झाला, आणि तो तसा झाला हे बरेच झाले. बाईंनी गौड मल्हार घेतला. जयपूर घराण्याचे गाणे ज्यांनी जवळून ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. एका तानेच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, असे करत स्वर पुढे सरकतात. मध्ये कुठे विसावा मिळेल असे वाटते तोवर तो मागे पडलेला असतो. आणि मग अगदी हातातून सुटले असे वाटत असताना सम येते. सभागृहात समेला टाळी पडते. माडीवर मात्र समेला माना हलतात. कंदिलाच्या उजेडात पंचवीस माणसांच्या सावल्या भिंतीवर एकदम झुकलेल्या मी त्या रात्री पाहिल्या.

मागच्या कोपऱ्यात, घोंगडे पांघरून, धनगर समाजातले एक आजोबा बसले होते. गुरुजींचे जुने स्नेही. तरुणपणी ते ओव्या म्हणत, आदमापूरला बाळूमामांच्या देवळाशी आणि आसपासच्या यात्रांत त्यांचा जथा असे. शास्त्रीय गाण्याशी त्यांचा संबंध नाही. पण समेच्या जरासे आधी त्यांच्या तोंडून एक आवाज निघे. ‘वाहवा’ नव्हे, ‘क्या बात है’ तर नव्हेच. नुसता ‘हं’. खोल, छातीतून येणारा. पहिल्यांदा एकदोघांनी मागे वळून पाहिले. बाईंनी मात्र तिसऱ्या-चौथ्या आवर्तनानंतर त्या ‘हं’कडे पाहूनच समेवर यायला सुरुवात केली.

चहानंतर गुरुजींनी ‘सांजशकुन’मधला एक लहानसा लेख-कथेच्या सीमेवरचा मजकूर वाचायला घेतला. जी. एं.ची वाक्ये मोठ्याने वाचणे सोपे नाही. उपमा उपमेला लगडलेल्या असतात. डोळ्यांना त्या पेलतात, जिभेला जड जातात. आम्ही शिकलेली माणसे अत्यंत आदराने, म्हणजे अत्यंत निःशब्दपणे ऐकत होतो. आणि कोपऱ्यातून, प्रत्येक वाक्याच्या विसाव्यावर, पुन्हा तो ‘हं’. गुरुजी पहिल्यांदा अडखळले. चष्म्यावरून त्यांनी मागे पाहिले. आजोबांना वाटले, वाचन संपले.

“फुडं वाचा की गुर्जी,” ते म्हणाले.

गुरुजींनी वाचले. आणि हळूहळू त्यांच्या वाचनाची चाल बदलली. आधी ते आम्हाला वाचून दाखवत होते. आता ते एका माणसाला सांगत होते. त्या ‘हं’साठी कुठे थांबायचे हे त्यांना उमगले, आणि थांबायची जागा सापडताच ती लगडलेली वाक्ये सुटी होऊ लागली. मी तो मजकूर किती वेळा वाचला असेल, शिकवलाही होता. पण त्याला लय आहे, आणि ती लय दुसऱ्याच्या श्वासावर उभी आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते.

याला आपल्याकडे हुंकार म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. घरातले मूल गोष्ट ऐकताना ‘हं’ म्हणायचे थांबले की सांगणारी आजी ओळखते, झोपले. आणि गोष्ट तिथेच थांबते. धनगरी ओवीत तर याची रीतसर व्यवस्था आहे. एकजण ओळ उचलतो, साथीदार तिचा शेवट झेलतात. गायलेला भाग झाला की तीच कथा गद्यात सांगायची, तिला सपादणी म्हणतात, आणि तिथेही साथीदाराचे होकार चालूच राहतात. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या ओव्या वर्षानुवर्षे ऐकल्या आणि जतन केल्या. जात्यावर एकटीच दळणारी बाई ओवी म्हणते तेव्हा तिला ऐकायला कुणी नसते असे आपण म्हणतो. मला आता वाटते, जात्याची घरघर हाच तिचा हुंकार असावा. ती थांबली की ओवीही थांबते.

त्या रात्री घरी आल्यावर मला झोप लागली नाही. कारण गाणेही नव्हते आणि जी. ए.ही नव्हते. माझ्या टेबलाच्या खणात एक जुना मोबाइल आहे, आणि त्यात आईचा आवाज आहे.

आई कहाण्या सांगत असे. ती शिकलेली नव्हती. शेजारच्या वाड्यातल्या काकी श्रावणात कहाण्यांची पोथी वाचत, ती ऐकून आईच्या कहाण्या पाठ झालेल्या. पण पाठ होता होता त्या बदललेल्या. पोथीतले आटपाट नगर आईच्या तोंडी वेदगंगेच्या काठी येई. त्यातल्या राजाला ऊस असे, आणि प्रधानाच्या दारात दोन म्हशी. मी एम.ए. झालो, मग पीएच.डी.ला लागलो, आणि व्रतकथांवर एक निबंध लिहिला. त्यात मी असे प्रतिपादन केले होते की, या कहाण्या म्हणजे स्त्रीला आज्ञाधारक ठेवण्याचे साधन आहे; नेमनिष्ठेला फळ आणि चुकीला दारिद्र्य असा त्यांचा हिशेब आहे. तो निबंध अगदीच चुकीचा होता असे आजही म्हणणार नाही. पण सरोजिनी बाबर आणि तारा भवाळकर यांनी बायकांच्या मौखिक परंपरेकडे ज्या आतल्या नजरेने पाहिले, ती नजर तेव्हा माझ्यापाशी नव्हती. कहाणी काय सांगते याचा मी विचार केला होता. ती कोण कुणाला सांगते, याचा नाही.

२०१७च्या श्रावणात मला आईच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करायची बुद्धी झाली. बुद्धी चांगली होती, हेतू मात्र मिश्र होता. एका चर्चासत्रासाठी निबंध हवा होता, आणि ‘बोलीतील पाठभेद’ असा विषय मी कळवून बसलो होतो. रविवारी संध्याकाळी सोप्यात आईसमोर मोबाइल ठेवला. तिला म्हणालो, “आदित्यराणूबाईची सांग.” आवाज स्वच्छ यावा म्हणून पंखा बंद केला, दार लोटले. आणि मी स्वतः तोंड मिटून बसलो. मध्ये माझा आवाज आला तर मुद्रण बिघडेल, म्हणून.

ज्यांनी ती कहाणी वाचली असेल त्यांना तिचा सांगाडा आठवेल. एका गरीब ब्राह्मणाला रानात व्रत मिळते, घरी लक्ष्मी येते, दोन मुलींपैकी एक राजाला आणि एक प्रधानाला दिली जाते. काही काळाने बाप मुलींकडे जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. थोरली, राजाची राणी, म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला निघाला आहे. धाकटी ऐकते. जिने ऐकले नाही तिच्या घरी दारिद्र्य येते, जिने ऐकले तिचे भरभराटीला येते. पुढे थोरली सावरते, आणि परतीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला कहाणी ऐकायला उपाशी माणूस शोधला जातो. मोळीविक्या सापडतो. विहीर आटलेला माळी सापडतो. मुलगे गमावलेली म्हातारी सापडते. ज्याने त्याने ऐकले की त्याचे त्याचे काम होते. सगळ्यांत शेवटी सापडतो तो वाटेवर पडलेला एक माणूस, ज्याला हातपाय नाहीत.

ही कहाणी मी निबंधात उद्धृत केली होती. आज्ञाभंगाची शिक्षा, असे तिच्यापुढे लिहिले होते. पण तिच्यातला अपराध कोणता, तर न ऐकणे. पूजा चुकल्याचा नव्हे, नैवेद्य राहिल्याचा नव्हे. आणि तिच्यातले पुण्य कोणते, तर उपाशीपोटी, म्हणजे खऱ्या भुकेने, दुसऱ्याचे ऐकणे. कहाणी स्वतःबद्दलच बोलते आहे, हे माझ्या लक्षात यायला किती वर्षे लागावीत!

मुद्रण बावीस मिनिटांचे आहे. आई सांगते आहे. बाहेर पाऊस आहे. सुरुवातीला तिचा आवाज मोकळा आहे, पण मध्ये मध्ये ती थांबते. प्रत्येक थांब्यावर ती कशाची तरी वाट पाहते, हे आज ऐकताना स्पष्ट कळते. मी मान हलवत होतो. पण दार लोटलेले, दिवेलागण झालेली नाही, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला माझी मान दिसत नव्हती. म्हातारीचे तीन मुलगे परत येतात तिथपर्यंत ती आली. मग मुद्रणात तिचा आवाज येतो : “ऐकतुयास न्हवं?”

मी जोरजोराने मान हलवली, आणि बोटाने ‘पुढे, पुढे’ अशी खूण केली.

त्यानंतर अकरा सेकंद पाऊस आहे. मी ते मोजले आहेत. मग, स्वतःशी बोलल्यासारखे : “झोपलं वाटतं.” आणि पाटाचा आवाज, काकणांचा आवाज. ती दिवा लावायला उठली.

तेव्हा मला हसू आले होते. राहिलेला शेवट पुढच्या रविवारी घेऊ, असे म्हणालो. पुढच्या रविवारी मी परगावी होतो. निबंध अपुऱ्या मुद्रणावर भागला. चर्चासत्रात कुणालाही शेवट लागला नाही. त्या हिवाळ्यापासून आईला विसर पडू लागला. आधी नावे, मग वार, मग कहाण्या. २०१९मध्ये ती गेली. पोथीतला शेवट मला ठाऊक आहे, तो कुठल्याही दुकानात विकत मिळतो. पण आई तो शेवट कसा सांगत असे, त्या हातपाय नसलेल्या माणसाचे तिच्या वेदगंगेच्या काठावर काय होत असे, ते मला आठवत नाही. लहानपणी त्या जागेपर्यंत मी बहुतेक झोपलेलाच असे. माझ्या मुद्रणात तो माणूस अजून वाटेवर पडून आहे.

आजोबांचा ‘हं’ ऐकला त्या रात्री मला जे कळले ते एवढेच : मी आवाज जपायला बसलो होतो आणि ज्यावर तो आवाज चालतो तेच काढून घेतले होते.

यातून ध्वनिमुद्रणाविषयीच तेढ धरावी, असा मोह मला काही दिवस झाला. त्याला आधारही आमच्या भागातच होते. ज्या घराण्याचे गाणे त्या रात्री आम्ही ऐकले, त्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला, आणि उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली, असे सांगतात. १९२२मध्ये महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले, १९४६मध्ये वारले. त्यांच्या गाण्याची तबकडी मागे नाही. केसरबाई केरकर त्यांच्या शिष्या. त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या, पण पुढे मैफलीत कुणी यंत्र लावलेले त्यांना खपत नसे, असे त्यांना ऐकलेली माणसे सांगत आली आहेत. आणि दैव असे की, १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज म्हणून ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या गेल्या, त्यांत भारताकडून आहे ती केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्याच वर्षी सप्टेंबरात, याने सुटल्यावर थोड्याच दिवसांत, केसरबाई गेल्या. जी. एं.नाही सुचली नसती अशी ही कथा आहे : समोर बसल्याशिवाय माझे गाणे मिळणार नाही म्हणणारी गायिका, आणि तिचा आवाज अशा ठिकाणी निघालेला, जिथे समेला मान हलवायला कुणीही नाही.

पण हा मोह टिकला नाही, कारण त्याच खाँसाहेबांनी एक उलटे उदाहरणही मागे ठेवले आहे. त्यांनी आपले आत्मचरित्र उर्दूत सांगितले ते नातवाला, अझीझुद्दीन खाँ यांना. नातवाने ते लिहून घेतले. २०००मध्ये ते इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. गाणे हरवले, गोष्ट उरली. आणि ती उरली कारण समोर बसून कुणीतरी ‘हं, मग?’ म्हणत होते. त्या पुस्तकात प्रसंगातून प्रसंग निघतात, आठवण आठवणीला ओढते, त्यावरून मला तरी नातवाचा हुंकार ऐकू येतो.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हवर काही गाणी भरून दिली होती. “सर, हे सोल म्युझिक. तुम्हाला कीर्तनासारखे वाटेल.” अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांची धाटणी घेऊन १९५० आणि ६०च्या दशकांत जे लौकिक गाणे उभे राहिले, त्याला त्यांनी ‘सोल’ म्हणजे आत्मा हेच नाव दिले. त्यांतली अरेथा फ्रँकलिन धर्मोपदेशकाची मुलगी. कीर्तीच्या शिखरावर असताना जानेवारी १९७२मध्ये ती लॉस एंजलिसमधल्या एका साध्या चर्चमध्ये दोन रात्री गायली, आणि ते गाणे तिथेच मुद्रित झाले. ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात समोरच्या माणसांचे आवाज पुसलेले नाहीत. ती ओळ अर्धी सोडते, आणि कुणीतरी ‘हो’ म्हणते. ती स्वर लांबवते, आणि बाके, पावले, हात, सगळे तिला पुढे ढकलतात. इंग्रजी शब्द मला सगळे कळत नाहीत. पण त्या होकारांची भाषा मला आजोबांच्या कोपऱ्यातून आधीच कळली होती. त्या रात्रींचे चित्रीकरणही झाले होते. पण चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी लागणाऱ्या खुणा घेतल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे तो चित्रपट लोकांसमोर यायला २०१८ साल उजाडले. मोठ्या यंत्रांनाही हे जुळवणे अवघड गेले, याचे मला थोडे समाधान वाटले, हे लपवत नाही.

तेव्हा दोष यंत्राचा नव्हता. स्वच्छ मुद्रणाची माझी कल्पना चुकली होती. मी ‘हं’ म्हणालो असतो तर मुद्रण बिघडले असते, आणि पूर्ण झाले असते.

आता त्या फडताळांबद्दल. कहाणी आणि आधुनिक परीकथा यांत फरक काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी पूर्वी रचना, प्रतीके, नियतिवाद अशी उत्तरे देत असे. आता त्यांना एक साधी गोष्ट पाहायला सांगतो. कहाणीच्या शेवटी फळ असते, आणि ते ऐकणाऱ्यालाही मिळते. जसे त्यांचे झाले तसे तुमचे-आमचे होवो, अशी तिची प्रकृती आहे. म्हणजे ऐकणारा कहाणीच्या आत आहे. जी. एं.च्या रूपककथेत वाटसरू सगळा प्रवास करतो, पण फलश्रुती नसते. आणि वाचणारा एकटा, कथेच्या बाहेर, दिव्याखाली असतो. धारवाडात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवणारा, सभा-संमेलने टाळणारा, काळ्या चष्म्याआड राहणारा हा लेखक. त्याच धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर राहत होते. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या अल्लादियापुत्रांकडून मिळालेले गाणे चार माणसांपुढेही तेवढ्याच असोशीने गाणारे. एकाच गावातली ही दोन टोके आहेत असे मी समजत असे. पण जी. एं.नी आयुष्यभर पत्रे किती लिहिली! सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ (२००३) या पुस्तकात आहेत, ती वाचताना जाणवते की दूरवरून आलेला हुंकार या एकट्या माणसालाही हवा होता. त्यांच्या कथांतली ती न संपणारी संभाषणे मला आता निराळी दिसतात. तिथे कुणीतरी सांगते आहे आणि कुणीतरी ऐकते आहे. घराघरातून उठून गेलेला श्रोता लेखकाने कथेच्या आत बसवला आहे.

अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने १९७९च्या आपल्या संग्रहात जुन्या परीकथा नव्याने सांगितल्या. निळ्या दाढीच्या उमरावाच्या कथेत शेवटी नव्या नवरीला सोडवायला तिची आई घोड्यावरून येते. या बदलावर समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण सोप्यात पाटावर बसून आमच्या आया हेच करत होत्या, आणि आम्ही त्याला ‘पाठभेद’ म्हणत होतो. ज्यांना घरात अजून कुणी गोष्ट सांगणारे आहे त्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, जरूर मुद्रण करा. पण समोर बसा, दिवा लावा, आणि ‘हं’ म्हणत राहा. तुमचा आवाज त्यात येऊ द्या. प्रबंध तपासणाऱ्याला तो खटकला तर खटकू द्या.

गुरुजींच्या माडीवर आम्ही अजून जमतो. कथा वाचताना आता सगळेच हुंकार देऊ लागले आहेत. पहिल्यांदा ते ओढूनताणून वाटे, आता वाटत नाही. मागच्या खेपेला मी ‘प्रवासी’मधली काही पाने वाचली. आजोबांना सगळे समजले असे नाही, मलाही कुठे समजले आहे? पण थांबायच्या जागा त्यांनी मला दाखवल्या.

आईचे मुद्रण मी त्यानंतर पुन्हा नीट ऐकले, या वेळी निबंधासाठी नव्हे. त्यात सुरुवातीलाच एक जागा आहे, जी मी तेव्हा ‘विषयांतर’ म्हणून टिपणातून गाळली होती. बाप थोरल्या मुलीकडे जातो, ती ऐकायला नकार देते. पोथीत इथे लगेच शिक्षा सुरू होते. आई मात्र जरा थांबते, आणि म्हणते :

“तिला तरी कुटला येळ? राजाचं घर म्हंजे काय थोडं काम आसतंय? तिची काय चुकी न्हाई. बानं जरा थांबाय पायजे हुतं.”

मी इथे ‘हं’ म्हणतो. रोज नाही, कधी कधी. मग ती पुढे सांगू लागते.